पाव फेरा

चाक फिरत होतं आणि घरघरत होतं. आवाज धोंडप्पाला नीट ऐकू येत होता, पण हाताला काहीच लागत नव्हतं. जीपचं पुढचं उजवं चाक जॅकवर उचललेलं होतं. उजव्या हाताने त्याने ते फिरवून सोडलं होतं आणि डावा तळवा स्प्रिंगच्या वरच्या पाट्यावर टेकवला होता, जसा तो चाळीस वर्षं टेकवत आला होता. बेअरिंग गेलेली असली की तिची खरखर चाकातून पाट्यात चढते आणि पाट्यातून तळव्यात उतरते. आवाज काय, कुठूनही येतो, कधी ब्रेकमधून तर कधी टायरमधून. खरं खोटं सांगतो तो तळवा. त्याने चाकाला आणखी एक जोराचा फेरा दिला आणि श्वास धरून थांबला. शेजारी जीपचा मालक लिंबाजी उकिडवा बसून वाकून बघत होता. तोल सावरायला म्हणून त्याने सहज हात पाट्यावर ठेवला आणि लगेच म्हणाला, "हाताला खरखर लागायलीय की, अप्पा." धोंडप्पा नुसतं हं म्हणाला. दोघांच्या हातांत जेमतेम वीतभर अंतर होतं. एकाच लोखंडावर दोन हात, आणि गिऱ्हाइकाला जे कळलं ते मिस्त्रीला कळलं नव्हतं.

लिंबाजी चारठाण्याचा. सकाळी सहाला निघून, जिंतूर मागे टाकून, काटा तिसाच्या पुढे जाऊ न देता तो दहाच्या सुमाराला परभणीत जिंतूर रोडच्या या गॅरेजवर पोचला होता. जीप त्याने एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. वीस-बावीस वर्षांची जुनी, रंग उडालेली, पण चारही चाकांना ताकद लावता येणारी. त्याचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, गावापासून तीन किलोमीटरवर, आणि मधली वाट सगळी काळ्या रानाची. पाऊस लागून राहिला की तिथे मोटरसायकलचं सोडाच, बैलगाडीसुद्धा आसापर्यंत रुतते. ही जीप मात्र पुढचा दांडा ओढला की म्हशीसारखी एकेक पाय काढत बाहेर निघते. आखाड्यावर चार घरं होती आणि कुणाचं काही दुखलंखुपलं तर चारही घरांना हीच एक वाट. महालक्ष्म्या उठून चार दिवस झाले होते तरी आभाळ उघडायचं नाव घेत नव्हतं, आणि लिंबाजीची सून शिवकन्या दिवसांत होती. पहिलं बाळंतपण माहेरी वालूरला झालं होतं, हे दुसरं सासरी. जिंतूरच्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. दहाबारा दिवस जीप दारात पाहिजे, बाकी मग काहीही मोडू द्या, असं लिंबाजीने आल्या आल्या सांगितलं होतं. त्याने एक गोष्ट मात्र बोलून दाखवली नव्हती, आणि ती न बोलण्यातच त्याचा चांगुलपणा होता. याच चाकाच्या बेअरिंग धोंडप्पाने दीड महिन्यापूर्वी बदलून दिल्या होत्या.

हात असा मुका होणं धोंडप्पाला नवीन नव्हतं. नवीन एवढंच की आज ते दुसऱ्या माणसाच्या शेजारी घडलं. सुरुवात पायांपासून झाली होती. मागच्या वर्षी भाजी आणायला गेला असताना डाव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी निसटली आणि हा तसाच पुढच्या गल्लीपर्यंत चालत गेला. एका माळणीने विचारलं, अप्पा, एका पायाचा उपास हाय का? तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं. माळीण हसली, आजूबाजूचे हसले, तोही हसला. डॉक्टरने तळपायाला टाचणी टोचून बघितली, शुगरच्या गोळ्या वाढवल्या, आणि हे हळूहळू हातांतही येऊ शकतं असं सांगितलं. येऊ शकतं म्हणजे येईलच असं नाही, असा धोंडप्पाने त्याचा अर्थ लावला आणि घरी येऊन नागुबाईला फक्त गोळ्या वाढल्याचं सांगितलं. मग एका सकाळी ते आलं. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो रोजच्यासारखा पूजेला बसला. लहानपणी मठाच्या अय्यांनी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग वस्त्रातून सोडून त्याने डाव्या तळव्यावर घेतलं, पाणी घातलं, बेल वाहिला, एकटक बघितलं, आणि शेवटी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर हात रिकामा झाला. जांभळाएवढं ते ओझं, पन्नास-पंचावन्न वर्षं रोज सकाळी तळव्याने तोललेलं, ते गेलं होतं. घाबरून त्याने डोळे उघडले तर लिंग जागच्या जागी होतं. पुन्हा मिटले, पुन्हा नव्हतं. त्या दिवसापासून तो पूजेत डोळे मिटेनासा झाला. नागुबाईच्या ते लक्षात आलं असावं. एकदा तिने विचारलंही, की अवो, आताशा तुमी डोळे का मिटंना गेलाव? म्हातारपणी देवाकडे जास्त बघावं वाटतं, असं काहीतरी त्याने सांगितलं आणि तिला ते आवडलं. आपण हिच्याशी खोटं बोललो, तेही लिंग हातात असताना, हे त्याला दिवसभर खात राहिलं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रीच्या हाताला लागत नाही ही गोष्ट एकदा का जिंतूर रोडवर पसरली की मग उरलं काय?

त्याने चाक उतरवलं. हबचं टोपण काढलं, दोन नटांच्या मधे बसवलेल्या वॉशरचा वाकवलेला कान छिन्नीने सरळ केला, बाहेरचा नट सोडवला. हातातला जोर कुठे गेला नव्हता. गेली होती ती जाण. त्यामुळे हल्ली त्याला प्रत्येक गोष्टीकडे बघावं लागे. पाना नटावर बसला की नाही ते बघून ठरवायचं, वॉशर हातात आहे की खाली पडला तेही बघून. आतला नट, जो बेअरिंगवर दाब ठेवतो, तो सुटायला असावा त्याहून जड गेला. इतका जड, की खांद्याला कळलं. खांदा अजून बोलत होता. हब ओढून काढल्यावर करपलेल्या ग्रीसचा वास सुटला आणि लिंबाजीने नाकावर उपरणं धरलं. बाहेरची बेअरिंग निळी पडली होती. लोखंड निळं पडतं ते तापून, आणि तापतं ते बहुतेक दोनच कारणांनी: ग्रीस कमी पडलं किंवा नट जास्त आवळला गेला. ग्रीस त्याने स्वतः भरलं होतं. डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेऊन, बेअरिंगची कड त्यावर दाबत दाबत, वरून रोलरांच्या फटींतून ग्रीस अळीसारखं बाहेर येईपर्यंत. ते तर डोळ्यांनी दिसतं, त्यात चूक होत नाही. राहिला नट.

निळ्या रोलरांकडे बघता बघता त्याला तो दीड महिन्यापूर्वीचा दिवस सबंध आठवला. काम झाल्यावर तो आणि लिंबाजी जीप घेऊन आठ किलोमीटर जाऊन आले होते. हा त्याचा नेहमीचा रिवाज. नवी बेअरिंग बसवली की गाडी पळवून आणायची, थांबल्याबरोबर उतरायचं आणि हबवर तळवा ठेवायचा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर नट जास्त झाला, पुन्हा उघडायचं. त्या दिवशीही तो उतरला, तळवा ठेवला, आणि ऐटीत म्हणाला, गार हाय, न्या. लिंबाजी निघून गेला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर नागुबाईने भाकरी वाढता वाढता त्याचा हात धरला. तळव्यावर रुपयाएवढा फोड आला होता, पाण्याने भरलेला. कुठं भाजलं, तिने विचारलं. सायलेन्सरला लागला असेल, तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं, की वाटून घेतलं होतं, हे आता सांगता येणार नाही. तिने कोरफडीचा गर लावला, चार दिवसांनी कातडी सोलून निघाली, आणि विषय संपला. आता हब मांडीवर घेऊन बसलेला असताना त्याला दिसलं की तो फोड याच हबचा होता. हब चटके देत होता आणि हा त्यावर हात ठेवून गार म्हणत होता. लिंबाजी त्या दिवशी इथून चारठाण्याला एकटाच गेला होता की बरोबर कुणी होतं, हे त्याला काही केल्या आठवेना.

लिंबाजीनेही निळी बेअरिंग बघितली. त्याने ती हातात घेतली, बोटाने फिरवली, आणि फारसा विचार न करता म्हणाला, "डुप्लिकेट माल निघाला, अप्पा. तुमी काय करताव त्याला." आणि खिशातून फोन काढला. पार्टच्या दुकानाचा नंबर मागच्या वेळचाच त्याच्याकडे होता. दुकान बुद्धभूषणचं, स्टेशनकडच्या रस्त्यावर, चार वर्षांपूर्वी उघडलेलं. नवखा म्हणून कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढत नव्हतं तेव्हा धोंडप्पानेच पहिली गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाठवली होती. का, तर एकदा या माणसाने दिलेला ऑइल सील स्वतःच परत नेला होता, छाप पुसट आहे म्हणून. फोनवर लिंबाजीचा आवाज आता चढत होता. नकली बेअरिंग दिली, अप्पांच्या नावाला बट्टा लावला, माझ्या घरी बाळंतीण व्हायची बाई हाय, असं एकेक. धोंडप्पा समोरच बसला होता. मधे बोलायला एक श्वास पुरला असता. त्याने हब डिझेलच्या घमेल्यात ठेवला आणि ब्रशने घासायला लागला. फोन संपला. लिंबाजी म्हणाला, तो स्वतःच घेऊन यायलाय नव्या बेअरिंग. धोंडप्पा म्हणाला, येऊ द्या. हे दोन शब्द बोलताना आपल्याला आपलीच किळस आली, हे त्याला स्वच्छ कळलं, आणि तरी त्याने ब्रश थांबवला नाही.

डिझेलमध्ये बुडालेले हात त्याला दिसत होते. पाणी आहे की डिझेल, थंड आहे की ऊन, काही नाही. मनगटाच्या वर दोन बोटांवर कुठेतरी गारवा सुरू होत होता. हेच हात बघून गफूर उस्तादांनी त्याला वर्कशॉपमध्ये ठेवून घेतलं होतं. उस्तादांच्या वडिलांनी निजामाच्या वेळी तालुकदाराची मोटार सांभाळली होती असं ते सांगत, खरं खोटं देव जाणे. पण हात मात्र खरा होता. बेअरिंगचा नट ते डोळे मिटून बसवत. नट आवळत जायचा, चाक फिरवत राहायचं, चाक जड झालं की पाव फेरा मागे. सांगायला एवढंच. जड म्हणजे किती जड, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि उस्तादही सांगत नसत. धोंडप्पाने विचारलं की म्हणत, "मेरे को नक्को पूछ. हात को पूछ." सहा महिने त्याने हाताला विचारलं आणि हाताने सहा महिने चुकीचं सांगितलं. मग एका दुपारी उत्तर आलं. चाक जिथे आपल्याशी बोलायचं थांबतं त्याच्या किंचित अलीकडची ती जागा होती. तिथून पाव फेरा मागे गेलं की चाक सुटं होतं, पण वरखाली हलवलं तर डुगडुगत नाही. त्या दिवशी घरी जाऊन त्याने राखेने आणि साबणाने तळवा घासघासून धुतला, कारण दुसऱ्या दिवशी त्याच तळव्यावर देव घ्यायचा होता. उस्ताद चेष्टा करायचे, सवेरे देव और दोपहर को ग्रीस, तेरे हात को तो छुट्टीच नै. पुढे कुणीतरी मापाचं यंत्र आणून दाखवलं होतं, नटाचा दाब मोजणारं. धोंडप्पा हसला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणाला होता, चार माणसांत. ती चार माणसं नेमकी कोण होती हेही त्याला आता आठवत होतं.

बुद्धभूषण मोटरसायकलवरून आला तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला होता. डब्बे त्याने शर्टाच्या आत धरून आणले होते. लिंबाजीकडे त्याने बघितलंही नाही, सरळ धोंडप्पासमोर येऊन बसला. निळी बेअरिंग उचलली, रुमालाने पुसली, कडेवरचा आकडा आणि छाप उजेडाकडे धरून वाचला. मग ती परत धोंडप्पाच्या पुढ्यात ठेवली. तो शांत होता, पण त्याचा कानशिलाजवळचा एक स्नायू उडत होता. म्हणाला, "छाप तर बरोबर हाय. पर माझं ऱ्हाऊ द्या. तुमी हातात घेऊन सांगा, अप्पा. तुमी डुप्लिकेट म्हणलाव तर डुप्लिकेट. मी उद्याच्याला सगळा माल परत करतो. तुमचा हात खोटं बोलणार न्हाई."

धोंडप्पाने बेअरिंग हातात घेतली. घेतली हे त्याला दिसलं. बाहेर पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला होता आणि रस्त्यावरून एक एसटी पाणी उडवत गेली. त्याच्या मनात एकाच वेळी कितीतरी गोष्टी येऊन गेल्या. नागुबाई आली, पूजेतले आपले उघडे डोळे आले, एकसष्टाव्या वर्षी रिकाम्या हातांनी घरात बसून राहिलेला आपणच आला, आणि न बघितलेली ती शिवकन्या आली, चिखलात अडकलेल्या जीपच्या मागच्या बाकावर, दोन्ही हातांनी पोट धरून. एक शब्द बोललं की सुटका होती. हो म्हणायचं. समोरचा माणूस ऐकून घ्यायला तयार बसला होता, तोच तर त्रास होता. तो शिव्या देत आला असता तर कदाचित धोंडप्पाने त्याला बुडू दिलं असतं.

"माल चांगला हाय," तो म्हणाला. "नट माझ्याकडून जास्त आवळला गेला. माझ्या हाताला काही लागत न्हाई. वर्ष होत आलंय."

धोंडप्पाला वाटलं होतं की हे बोलल्यावर हलकं वाटेल, लोक म्हणतात तसं. तसं काही झालं नाही. उलट बोललेलं आता घरभर, गावभर होणार याची भीती वाटली. तरी तो बोलत राहिला, थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. हब चटके देत असताना आपण गार म्हणालो ते त्याने सांगितलं, फोडाचं सांगितलं. बुद्धभूषणने मान खाली घातली. त्याची सुटका झाली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. कुणाच्या घरी नको त्या वेळी पाऊल पडल्यासारखा तो अवघडला होता. नव्या बेअरिंगचे डब्बे त्याने फडक्यावर मांडून ठेवले, अप्पा, काही लागलं तर फोन करा, एवढं म्हणाला, आणि पाऊस थांबायची वाट न बघता निघून गेला.

लिंबाजी मात्र उभाच होता. त्याने विचारलं, "माझ्या बायकोला अन् सुनेला घेऊन मी चारदा जिंतूरला गेलो हिच्यात. चाक जाम झालं असतं तर?" आवाज चढलेला नव्हता. धोंडप्पा म्हणाला, उलटली असती. खोटं बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. लिंबाजीने तंबाखूची पिशवी काढली, पुन्हा खिशात घातली, आणि पत्र्याच्या कडेला पावसाकडे तोंड करून बसला. पुढे नवा पूल झाला आहे तिथे एक मोठं गॅरेज आहे, तिथे यंत्रं आहेत, जीप तिकडे ओढून न्यायची व्यवस्था मी करतो, असं धोंडप्पाने त्याच्या पाठीला सांगितलं. तो उठेपर्यंत बसून तरी काय करायचं म्हणून धोंडप्पाने जुने कप, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, पितळेच्या तुकड्याने ठोकून हबमधून काढले, नवे बसवले, ठोक्यांचा आवाज बद्द होईपर्यंत. कान अजून शाबूत होते. मग त्याला सुचलं, डावं चाकही त्याच दिवशी आपण केलं होतं. तेही उघडलं. ते नेमकं बसलेलं होतं. रोलर चकचकीत, ग्रीस पिवळं. हे बघून त्याला उजव्यापेक्षा जास्त लागलं. उजवं चुकलं होतं ते त्याचंच, पण डावं बरोबर आलं होतं त्यातही त्याचं काही नव्हतं. नाणं उडवावं तसं ते पडलं होतं. वर्षभरात आपल्या हातून गेलेल्या गाड्या तो मोजायला लागला, पालमचा ट्रॅक्टरवाला, मानवतची पिकअप, आणि मोजता मोजता थांबला. त्या सगळ्यांना आता बोलवावं लागणार होतं.

लिंबाजी उठून आला तेव्हा पाऊस ओसरला होता. तो चाकाजवळ बसला आणि म्हणाला, "त्या यंत्रवाल्याला मी वळखत न्हाई. तिथं पाळी कवा यायची, मी घरी कवा जायचं." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "माझ्या हाताला लागतंय न्हवं? मग माझा हात घ्या."

धोंडप्पाने नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. हब चढवला, आतला नट हातानेच लावला, टायर बसवलं. लिंबाजीला त्याने समोर बसवलं आणि एक हात चाकावर, एक पाट्यावर ठेवायला सांगितलं. मग सांगायची पाळी आली आणि त्याच्या लक्षात आलं की आपण हे आजपर्यंत कुणालाही शब्दांत सांगितलेलं नाही. उस्तादांसारखंच, हाताला विचार म्हणून मोकळे झालो. त्याने विचार केला, लिंबाजीच्या हाताला काय माहीत असेल. मग म्हणाला, पेरणीला तिफण धरताना रुमण्याच्या मुठीवर हात कसा ठेवताव? दाबून धरली तर बी खोल जाऊन कुजतं. सैल सोडली तर वरच पडतं, पाखरं खातेत. लिंबाजीने मान हलवली. तसाच ठेवा, धोंडप्पा म्हणाला, मी नट आवळायलोय, तुमी चाक फिरवत ऱ्हावा. चाक जमिनीला लागल्यागत वाटलं की सांगा.

पाना सरकत गेला. लिंबाजी चाक फिरवत होता, भुवया आकसून, ओठ दाबून, पेरणीच्या दिवसांत माणूस आभाळाकडे बघतो तसा कुठेतरी लांब बघत. धोंडप्पाची सवय अशी की त्या क्षणी त्याचा स्वतःचा हात आपोआप चाकाकडे जाई. आताही गेला. त्याने तो परत आणून पान्यावर ठेवला. अजून, लिंबाजी म्हणाला. अजून. मग थांबला, परत फिरवलं, आणि हळू आवाजात म्हणाला, आता धरायलंय. धोंडप्पाला चाकात काहीही वेगळं दिसत नव्हतं. दिसण्यासारखं काही नसतंच त्यात. नक्की का, हा प्रश्न त्याच्या जिभेवर आला होता आणि तो त्याने गिळला. नटावर खडूची खूण करून त्याने तो मोजून पाव फेरा मागे घेतला, वॉशरचा कान वाकवला, बाहेरचा नट आवळला. दोघांनी मिळून चाक वरखाली हलवून बघितलं. लिंबाजी म्हणाला, हलत न्हाई. मग डाव्या चाकाचंही तसंच केलं. तिथे लिंबाजीला सांगावं लागलं नाही, तो आपणहून बोलत गेला, आणि एकदा तर जास्त झालं, अप्पा, थोडं मागं घ्या, असंही म्हणाला. धोंडप्पाने मागे घेतलं.

दुपार कलली होती. दोघं जीप घेऊन झरीच्या रस्त्याला निघाले. लिंबाजीच चालवत होता. धोंडप्पा शेजारी बसून कान लावत होता. घरघर गेली होती, पण घरघर तर मागच्या वेळीही पहिल्या दिवशी नव्हती. दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं आणि शेतांत पाणी साचलं होतं. आठ किलोमीटर झाल्यावर एका लिंबाखाली लिंबाजीने जीप उभी केली. धोंडप्पाने दाराकडे हात नेला. तोपर्यंत लिंबाजी आपल्या बाजूने उतरून उजव्या चाकाशी गेला होता आणि वाकला होता. धोंडप्पा दारावर हात ठेवून तसाच बसून राहिला. चाळीस वर्षं उतरणारा तो होता आणि गाडीत बसून वाट बघणारे दुसरे होते. ते सगळे काय करत असतील त्या वेळात, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. कुणी बिडी पेटवायचं, कुणी आभाळ बघायचं, आणि तो गार म्हणाला की चावी फिरवायचे. कुणी म्हणून कधी मागाहून येऊन हात लावून बघितलं नव्हतं. आता त्याचे दोन हात मांडीवर पडले होते, काळे, रुंद, ग्रीसने माखलेले, आणि समोरच्या काचेतून त्याला फक्त लिंबाजीची वाकलेली पाठ दिसत होती. एवढा वेळ का लावतोय हा?

समोरून वळसा घालून लिंबाजी दुसऱ्या चाकाशी गेला. तिथेही तेवढाच वेळ थांबला. मग उभा राहून, हात धोतराला पुसत म्हणाला, "कोमट हायत, अप्पा. दोनीबी."

धोंडप्पाच्या मनात आलं, आपण उतरावं, एकदा स्वतः बघावं. काय बघणार होता तो? गार आणि चटका या दोन्हींत आता त्याच्यासाठी फरक उरला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाचा शेवटचा शब्द दुसऱ्या माणसाचा होता आणि तो त्याला मानून घ्यावा लागत होता, जसा त्याचा इतक्या लोकांनी मानून घेतला होता, चारदा जिंतूरला जाऊन आलेल्या त्या दोन बायकांनीसुद्धा. त्याचे डोळे भरून आले. लिंबाजी परत येऊन बसला. त्याने ते बघितलं असावं, पण तो समोर रस्त्याकडे बघत राहिला.

दारावरचा हात धोंडप्पाने काढून घेतला.

"चला," तो म्हणाला. "तुमाला उजेडात पोचायचंय."